ओमानमध्ये पाहुणा म्हणून वावरताना: सुरक्षितता आणि आतिथ्य

सागरवाट

ओमानला जाण्याचा विचार करणारी मराठी मंडळी बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतात. एकट्या स्त्रीसाठी किंवा लहान मुलांसह जाणाऱ्या कुटुंबासाठी तो देश सुरक्षित आहे का, हा पहिला. आणि तेथील माणसे परक्यांशी कशी वागतात, हा दुसरा. मस्कत, निझवा, सूर आणि सलाला या भागांत मी वेगवेगळ्या ऋतूंत फिरले आहे, कधी कुटुंबासोबत, कधी एकटीने. त्यातून माझे मत असे बनले आहे की ओमानमध्ये पाहुण्याला माणसांचे भय फारसे नाही. भय आहे ते पाण्याचे, उन्हाचे, कड्यांचे आणि रस्त्यावरील वेगाचे. हा फरक ध्यानात न घेता नुसते ‘सुरक्षित देश’ असे सांगणे मला जबाबदारीचे वाटत नाही, म्हणून हा चर्चेचा धागा.

मस्कतमधील मत्रा भागाच्या जुन्या बाजारात संध्याकाळी बरीच वर्दळ असते. दुकानदार लोबान, चांदीचे दागिने आणि शाली दाखवण्यासाठी हाका मारतात, पण नकार दिला की विषय तेथेच संपतो. वाट अडवणे किंवा घोळक्याने मागे लागणे हे प्रकार मला अनुभवास आले नाहीत. समुद्रकाठच्या रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत कुटुंबे फिरत असतात. एखाद्या शहराची सुरक्षितता जोखायची असेल तर रात्री दहानंतर रस्त्यावर बायका-मुले निर्धास्तपणे दिसतात का, हे मी आधी पाहते, आणि या कसोटीवर मस्कत पूर्णपणे उतरते.

यामागे कायद्याचा धाक आहेच. अमली पदार्थांबाबत शिक्षा अतिशय कठोर आहेत, परवाना असलेल्या हॉटेलांबाहेर सार्वजनिक ठिकाणी मद्यपान चालत नाही, आणि भर रस्त्यात शिवीगाळ किंवा असभ्य हावभाव केल्यासही प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते. पण केवळ धाकाने माणसे इतकी सौम्य होत नाहीत. गावे लहान आहेत, माणसाची ओळख कुळावरून होते आणि गैरवर्तनाची वार्ता घरच्या वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. तेथे इबादी पंथाचे मोठे प्राबल्य आहे. हा पंथ सुन्नी आणि शिया या दोहोंहून वेगळा असून इतरांसोबत संयमाने राहण्याची त्याची परंपरा जुनी आहे. शिवाय हा शतकानुशतके समुद्र ओलांडणाऱ्यांचा देश आहे. पूर्व आफ्रिकेजवळचे झांझिबार बेट ओमानी सुलतानांच्या सत्तेखाली होते, आज पाकिस्तानात असलेले ग्वादर बंदर तर 1958 पर्यंत ओमानकडे होते, आणि कच्छच्या व्यापाऱ्यांची मस्कतमधील वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. स्वाहिली, बलुची आणि कामचलाऊ हिंदी बोलणारी माणसे त्यामुळे सहज भेटतात, आणि परका माणूस ही त्यांच्यासाठी नवलाई उरत नाही.

आतिथ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याचे शिष्टाचार माहीत असले तर संकोच कमी होतो. निझवाच्या परिसरात आम्ही फलज, म्हणजे उताराच्या जोरावर गावापर्यंत पाणी आणणारा पारंपरिक पाट, पाहायला थांबलो होतो. ओमानमधील अशा 5 फलजांचा युनेस्कोने 2006 मध्ये जागतिक वारशात समावेश केला आहे. पाटाकाठी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारपूस केली आणि पुढच्या काही मिनिटांत आम्ही त्यांच्या घरी होतो. पुरुष मंडळी मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, बसली आणि मला घरातील स्त्रियांकडे नेण्यात आले. पतिपत्नींना असे वेगळे बसवले जाणे काहींना खटकते. मला मात्र त्यामुळेच स्वयंपाकघरापर्यंत जाता आले, मुलींच्या शिक्षणाविषयी आणि लग्नांविषयी मोकळेपणाने बोलता आले, जे पुरुषांच्या उपस्थितीत झाले नसते.

आधी खजूर किंवा ओमानी हलवा येतो आणि नंतर कहवा, म्हणजे वेलदोडा घातलेली बिनसाखरेची कॉफी. बिनकानाचा छोटा पेला अर्ध्याहून कमी भरतात. त्यात कंजूषपणा नसतो. पुन्हा पुन्हा ओतता यावे, पाहुणा जास्त वेळ बसावा आणि कॉफी गरम राहावी, हा हेतू असतो. पेला उजव्या हातानेच घ्यायचा आणि पुरे झाले की मनगटाने हलकेच हलवून परत द्यायचा. तो न हलवता पुढे केला तर पुन्हा भरला जाईल. एक पेला तरी घ्यावा, तीनांहून अधिक घेऊ नयेत, असा सर्वसाधारण संकेत आहे. अरबी कॉफी आणि मजलिस या दोन्ही परंपरा 2015 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवल्या गेल्या, आणि त्या प्रस्तावांत ओमान सहभागी होता. निघताना पैसे देऊ करणे हा यजमानाचा अपमान ठरतो. मुलांसाठी मिठाई जवळ असेल तर ती आनंदाने स्वीकारली जाते.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः माझ्या मताशी न जुळणारे.

रानवारा

मूळ लेखाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु एकट्या स्त्रीच्या दृष्टीने काही गोष्टी जोडणे आवश्यक वाटते. ओमानमध्ये मला कधी असुरक्षित वाटले नाही, तरी टक लावून पाहणाऱ्या नजरा मात्र जाणवल्या, मुख्यतः सार्वजनिक समुद्रकिनाऱ्यांवर आणि शहराबाहेरच्या पेट्रोल पंपांवर. खांदे आणि गुडघे झाकणारे सैल कपडे घातले की हा त्रास बराच कमी होतो. सार्वजनिक किनाऱ्यावर किंवा गावाजवळच्या पाणवठ्यावर पोहण्याचा तोकडा पोशाख घालणे टाळावे, कारण ती गावकऱ्यांची रोजची जागा असते. टॅक्सीत मागच्या आसनावर बसावे. रस्त्यावर थांबवलेल्या टॅक्सीत भाड्यावरून वाद झाल्याचे एक-दोन प्रसंग मला आले, म्हणून मी पुढे मोबाइल ॲपवरूनच गाडी बोलावत राहिले.

मस्कतची सुलतान काबूस भव्य मशीद 2001 मध्ये खुली झाली. मुस्लिमेतर पाहुण्यांना शुक्रवार वगळता सकाळी 8 ते 11 या वेळेत तेथे प्रवेश असतो. स्त्रियांनी केस, मनगटे आणि घोटे झाकलेले असावेत, आणि हा नियम दारावर काटेकोरपणे पाळला जातो. मुख्य सभागृहातील एकसंध गालिचा 4,343 चौरस मीटरचा आहे, आणि बहुतेक लोक तो पाहून, छायाचित्रे काढून निघून जातात. माझा आग्रह आहे की आवारातील माहिती केंद्रात थोडा वेळ बसावे. तेथे स्वयंसेवक स्त्रिया खजूर आणि कहवा देतात आणि कोणताही प्रश्न शांतपणे ऐकून घेतात. पडदा, बहुपत्नीत्व, वारसाहक्क अशा विषयांवर मी तेथे थेट प्रश्न विचारले आणि मला थेट उत्तरे मिळाली. त्यांतील सगळी पटली नाहीत, पण प्रश्न विचारल्याबद्दल कोणाच्या चेहऱ्यावर नाराजी दिसली नाही.

डोंगरयात्री

मूळ लेखात पाण्याच्या भयाचा उल्लेख एका वाक्यात आला आहे, आणि माझ्या मते खरा विषय तोच आहे. ओमानमधील कोरड्या नदीपात्रांना आणि त्यांच्या घळींना वादी म्हणतात. येथील डोंगर उघडेबोडके आहेत; पावसाचे पाणी धरून ठेवणारी माती आणि झाडी त्यांच्यावर फारच थोडी आहे. त्यामुळे पडलेले पाणी मुरत नाही, सगळे एकदम घळीत उतरते. पाऊस कित्येक किलोमीटर दूर, डोंगरापलीकडे पडत असतो आणि तुमच्या डोक्यावर निळे आकाश असते. अशा वेळीही काही मिनिटांत घळ भरून वाहू लागते. अरुंद घळीत अडकलेल्या माणसाला वर चढण्याची वाट मिळत नाही. एप्रिल 2024 मध्ये अशाच पुरात समद अल-शान भागात शाळकरी मुलांसह अनेकांचे प्राण गेले, आणि ती माणसे याच भूमीवर वाढलेली होती. पाहुण्याला तर या पाण्याची काहीच ओळख नसते.

रस्ते जेथे वादी ओलांडतात तेथे पाण्याची पातळी दाखवणारे खांब उभे केलेले असतात. वाहत्या पाण्यात जाणूनबुजून गाडी घालणे हा ओमानमध्ये गुन्हा आहे आणि त्यासाठी दंडाबरोबर तुरुंगवासही होऊ शकतो. आपल्यापुढची मोठी गाडी पलीकडे गेली म्हणून आपलीही जाईल, हा हिशेब धोक्याचा आहे, कारण पाण्याखालचा रस्ता शाबूत आहे की वाहून गेला आहे, हे वरून दिसत नाही.

मस्कत ते सूर मार्गावरील वादी शाब सर्वांनाच पाहायची असते. सुरुवातीला एक रियाल देऊन होडीने पलीकडे जायचे, मग खडकांतून बराच वेळ चालायचे आणि शेवटी डोहांतून पोहत एका चिंचोळ्या फटीतून गुहेत शिरायचे, असा तो मार्ग आहे. पोहता न येणाऱ्यांनी डोहांपाशी थांबावे. तेथे जीवरक्षक असतील असे गृहीत धरू नये, आणि पाणी लागलेले खडक अतिशय निसरडे असतात.

आतिथ्याचा माझा सर्वांत मोलाचा अनुभव याच संदर्भातला आहे. पूर्वेकडील डोंगरांतील एका कमी परिचित घळीत आम्ही शिरत होतो. तेथील एका शेतकऱ्याने हाताने खुणा करून आम्हाला थांबवले, डोंगराच्या दिशेला बोट दाखवले आणि मोडक्या हिंदीत पुन्हा पुन्हा सांगितले की आज नको. त्याने कॉफी विचारली नाही की घरी बोलावले नाही. आम्ही गाडीत बसून वळेपर्यंत तो वाटेत उभा राहिला. दुपारी त्या पात्रातून गढूळ पाण्याचा लोंढा गेला. कहवा आणि खजूर यांचे कौतुक मलाही आहे, पण अनोळखी माणसाच्या जिवाची अशी काळजी घेणे हे त्याहून वरचे आतिथ्य आहे असे मी मानतो, आणि प्रत्येक प्रवाशाने स्थानिक माणसाचा ‘नको’ हा शब्द शेवटचा समजावा असे कळकळीने सांगतो.

जबल अखदर या उंच डोंगरावर जाताना बिरकत अल-मौझजवळच्या चौकीवर पोलीस गाडी तपासतात आणि चारही चाकांना शक्ती पोहोचणारी गाडी नसेल तर वर सोडत नाहीत. रस्ता उत्तम डांबरी असताना हा नियम कशाला, असे अनेकांना वाटते. कारण उताराचे आहे. सुमारे 2,000 मीटर उंचीवरून खाली येताना सतत ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होतो. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवूनच उतरावे लागते.

प्रथमप्रवासी

सर्वांचे आभार. जुलै 2024 मध्ये मस्कतमध्ये गोळीबार झाल्याचे वाचले होते. त्यानंतरही शहर सुरक्षित आहे असे म्हणणे योग्य आहे का? घरच्यांचा विरोध मुख्यतः त्याच कारणाने आहे.

सागरवाट

प्रश्न अगदी योग्य आहे. 15 जुलै 2024 च्या रात्री मस्कतच्या वादी अल-कबीर भागातील शिया मशिदीजवळ, आशुराच्या, म्हणजे मुहर्रममधील शोकदिनाच्या, निमित्ताने जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्यात हल्लेखोरांव्यतिरिक्त 6 जणांचा मृत्यू झाला. त्यांत पाकिस्तानी नागरिक होते, एक भारतीय होता आणि एक पोलीस होता. तिन्ही हल्लेखोर मारले गेले, ते ओमानी भाऊ असल्याचे पोलिसांनी जाहीर केले, आणि इस्लामिक स्टेटने हल्ल्याची जबाबदारी घेतली. ओमानच्या समाजाला याचा मोठा धक्का बसला, कारण असे काही तेथे घडू शकते हेच लोकांच्या कल्पनेत नव्हते.

या घटनेनंतरही मी ओमानला सुरक्षित म्हणेन, पण तिचा उल्लेख टाळून नाही. हा हल्ला पर्यटकांवर नव्हता आणि तशा घटनांची मालिका तेथे सुरू झाली नाही. शेजारच्या प्रदेशातील राजकीय तणाव मात्र झपाट्याने बदलतो, विमानमार्ग बंद होतात, म्हणून निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि मस्कतमधील भारतीय दूतावासाच्या सूचना अवश्य पाहाव्यात. घरच्यांना ‘काही होत नाही’ असे सांगण्यापेक्षा ही माहिती त्यांच्यासमोर ठेवावी. माझ्या घरी तरी त्याचाच उपयोग झाला.

रुवीनिवासी

मी बऱ्याच वर्षांपासून मस्कतमध्ये नोकरी करतो आणि हा धागा वाचताना मला एक उणीव जाणवते. येथे जे आतिथ्य वर्णिले आहे ते पाहुण्याला मिळणारे आहे. ओमानच्या लोकसंख्येत 40 टक्क्यांहून अधिक लोक परदेशी आहेत, आणि त्यांतील फार मोठा वर्ग पाहुणा नसून कामगार आहे. तुमची खोली आवरणारा, गाडी धुणारा, रस्ता बांधणारा माणूस भारत, बांगलादेश किंवा पाकिस्तानातून आलेला असतो, आणि त्याचा निवास मालकाच्या प्रायोजकत्वाशी बांधलेला असतो. हीच कफाला पद्धत.

बदल झाले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 1 जानेवारी 2021 पासून करार संपल्यावर नवी नोकरी घेण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट राहिली नाही. 2023 मध्ये नवा कामगार कायदा आला. जून ते ऑगस्ट या महिन्यांत दुपारी 12:30 ते 3:30 या वेळेत उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. पण घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या कामगार कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि मालकाने पासपोर्ट स्वतःजवळ ठेवून घेतल्याच्या तक्रारी मी स्वतः ऐकल्या आहेत. माझ्या शेजारचे ओमानी कुटुंब रमजानमध्ये दररोज आमच्या दारी ताट पाठवते, आणि त्याच गल्लीतील एका कामगाराला काही महिने पगार मिळालेला नसतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि ओमानविषयी लिहिणाऱ्याने दोन्ही लिहाव्यात अशी माझी अपेक्षा आहे.

प्रथमप्रवासी

मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु धागा पर्यटकांच्या अनुभवांविषयी आहे. कामगारांच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र धागा अधिक योग्य ठरणार नाही का?

सागरवाट

मला हा प्रतिसाद याच धाग्यावर हवा आहे. पाहुण्याचे मत हे थोड्या दिवसांत, हाती परतीचे तिकीट असताना बनलेले मत असते, आणि त्यावरून संपूर्ण समाजाला प्रमाणपत्र देणे अन्यायाचे आहे. शिवाय प्रवासात आपली सोय पाहणारे पुष्कळ हात आपल्याच देशातल्या माणसांचे असतात. त्यांच्याशी चार शब्द बोलावेत, मरुभूमीतील तंबूंत राहताना तेथील कर्मचाऱ्यांना दुपारच्या उन्हात राबवू नये, एवढे तर पर्यटकाच्या हाती आहेच.

ताटवाटी

शाकाहारी पाहुण्यांसाठी थोडे लिहिते. ओमानी यजमान मांसाहारी जेवणाला मोठा मान देतात. ईदच्या वेळी मसाला लावलेले मांस जमिनीखालील भट्टीत एक-दोन दिवस मंद शिजवून शुवा करतात आणि तो पाहुण्यापुढे आग्रहाने ठेवला जातो. आयत्या वेळी ताट बाजूला सारले तर यजमान खजील होतो, म्हणून आमंत्रण स्वीकारतानाच सांगावे. भारतीयांचे शाकाहारीपण तेथे नवे नाही, कारण कच्छी भाटिया व्यापाऱ्यांचा त्या समाजाशी फार जुना संबंध आहे. त्यांच्यापैकी कनकसी खिमजी यांना तर सुलतानांनी ‘शेख’ ही पदवी दिली होती. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याजवळच शिवमंदिर आहे आणि फेब्रुवारी 2018 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे दर्शन घेतले होते. आम्हाला भात, ताजी रोटी, मध, फळे आणि खजूर असे भरपूर जेवण मिळाले, आणि घरातील आजींनी मी उपाशी राहिले नाही ना, याची तीनदा खात्री करून घेतली. रमजानमध्ये मात्र दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणे-पिणे टाळावे. हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही, तो कायद्याचा भाग आहे.

प्रथमप्रवासी

शेवटचा प्रश्न. सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन ऑगस्टमध्ये सलालाला जावे की हिवाळ्यात मस्कतला?

डोंगरयात्री

आई-वडिलांना चालण्याचा त्रास असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातील मस्कत आणि निझवा निवडा. हवा सुखद असते, आणि शुक्रवारी सकाळी निझवाचा गुरांचा बाजार सावलीत बसूनही पाहता येतो. सलालाचा खरीफ, म्हणजे जूनअखेर ते सप्टेंबरचा पावसाळी काळ, अतिशय सुंदर असतो. भोवतीचा सगळा प्रदेश भाजून निघत असताना तेथील डोंगर हिरवेगार असतात. मात्र मस्कतहून गाडीने जाऊ नका. तो सुमारे 1,000 किलोमीटरचा रस्ता आहे, बराचसा सरळ आणि एकसुरी असल्याने डोळा लागतो, रात्री उंट रस्त्यावर येतात आणि सलालाजवळच्या डोंगरात धुक्यामुळे काही हातांपलीकडचे दिसत नाही. विमानाने जा आणि तेथे स्थानिक चालकासह गाडी घ्या.

सलालाजवळच्या मुघसैलच्या किनाऱ्यावर खडकांतील भोकांतून समुद्राचे पाणी उंच उसळते आणि पावसाळ्यात लाटा फार मोठ्या असतात. जुलै 2022 मध्ये तेथे सुरक्षेचे कठडे ओलांडून पुढे गेलेल्या पर्यटकांना लाटेने ओढून नेले आणि त्यांत मुलांचाही समावेश होता. आई-वडिलांना कठड्याच्या बऱ्याच आत, कोरड्या जागी उभे करा. तेथूनही पाणी पुरेसे दिसते. पोलिसांचा आपत्कालीन क्रमांक 9999 आहे, तो त्यांच्या फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवा, आणि त्यांच्या नेहमीच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, कारण काही वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांवर तेथे निर्बंध आहेत.